डोकं आमच्या घरचं

आमच्या बाबांनी जन्मभर सापांना डोकी लावली, आणि ती का लावता म्हणून आमची वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांशी भांडत आली. मी डोर्कस, बाबांची मुलगी. माझं सासर त्यांच्या घराला भिंत लावून आहे, त्यामुळे भांडण ऐकायला मला कधी उंबरा ओलांडावा लागला नाही.

सापांचं असं आहे. आमच्या हॉबविक गावच्या कड्यातून वेटोळ्यांचे दगड पडतात. फार पूर्वी संत हिल्डाने या किनाऱ्यावरचे सगळे साप दगड करून टाकले आणि त्यांची डोकी उडवली, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण थॉर्पहेवन शहराहून हवा खायला येणाऱ्या बायकांना बिनडोक्याचा साप नको असतो. मग बाबा छिन्नी घेऊन त्याला डोकं कोरून देतात. दोन टपोरे डोळे आणि ओठांत हसू. बाबांना तेवढं एकच तोंड येतं. गुडघे गेल्यापासून ते होडीवर जात नाहीत आणि नुसतं बसून राहणं त्यांच्या रक्तात नाही.

वहिनीचं नाव केझिया. माझा भाऊ एमॉस व्हेल मारायच्या जहाजावर असतो. बर्फ फुटलं की ग्रीनलंडला जातो आणि थंडीच्या तोंडावर तेलाचा वास घेऊन परत येतो. तोवर वहिनी इतर बायकांसारखी ओहोटीला खडकावर जाते आणि गळाच्या आमिषासाठी शिंपल्या खरवडून आणते. फक्त तिच्या टोपलीत वर शिंपल्या आणि खाली हाडं असतात. दगड झालेली हाडं. कमरेला सुऱ्याशेजारी हातोडी. सुरुवातीला बायका फिदीफिदी हसायच्या, मीही हसायचे. मग तिने कड्याच्या पायथ्यातून एक लांब जबड्याचं मगरीसारखं धूड काढलं, आणि ते बघायला बग्ग्या यायला लागल्या. तेव्हा आम्ही हसणं आवरतं घेतलं. म्हणजे तिच्यासमोर.

वहिनीचा एकच नियम होता. दगडात जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. एक बरगडी कमी असली तरी ती सांगून टाकणार.

"मामंजी, तुम्ही लोकांना खोटं विकता," ती म्हणायची.

"सूनबाई, हिल्डाबाईंनी घाईत काम अर्धवट सोडलं. मी पुरं करून देतो," बाबा म्हणायचे, आणि छिन्नी आणखी जोरात ठोकायचे.

तर त्या मगरीचं पुढे काय झालं ते ऐका, म्हणजे वहिनीचा जीव कशात अडकला होता ते कळेल. ते धूड थॉर्पहेवनच्या संग्रहालयात गेलं. टांगेवाल्याच्या बायकोने येऊन सांगितलं की त्याच्याखाली पाटी आहे आणि पाटीवर तुरटीच्या खाणीचे मालक हॅगिट यांचं नाव आहे. कड्याचा तो भाग त्यांचा म्हणे. या माणसाने त्या कड्याखाली कधी पायाचा बूटसुद्धा ओला केला नव्हता.  त्या दिवशी वहिनीने चूल पेटवली नाही, आणि आम्ही तिघांनी हेरिंगची थंड मासळी खाल्ली. एवढंच हवं होतं तिला. तिने काढलेल्या एका तरी जनावराखाली तिचं नाव.

त्या वर्षी वसंतातल्या वादळाने खालच्या खडकावरची वाळू धुऊन नेली, आणि वहिनीला ते दिसलं. पसरट पाठ, वल्ह्यांसारखे चार पंजे आणि मान. मान म्हणजे किती लांब सांगू, संपतच नव्हती. पण संपली तिथे पुढे काहीच नव्हतं. डोकं नाही.

वहिनीने आधी जनावराच्या पाठीवर एक मोठा धोंडा ठेवला. आमच्या किनाऱ्यावर हाच कायदा. वाहून आलेल्या लाकडावर, पिंपावर, कशावरही ज्याने धोंडा ठेवला, ती वस्तू त्याची. दुसऱ्याचा धोंडा ढकलणाऱ्याला होडी ओढायला कोणी हात देत नाही.

मग ती चालत थॉर्पहेवनला गेली. संग्रहालयावर पॅलिस्टर नावाचे नवे साहेब आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जागेवर येऊन बघेन. पुरं आणि अस्सल असेल तर दर्शनी दालनात ठेवू. पाटीवर तुमचं नाव, दुसऱ्या कोणाचंही नाही."

हे वहिनीने घरी येऊन शालही न उतरवता सांगितलं. आणि पुढच्याच वाक्याला ती रडवेली झाली. "पुरं म्हणाले हो वन्सं. पुरं कुठून आणू?"

तिने डोकं शोधायला खडक न् खडक पालथा घातला. मगरीच्या डोक्याएवढं, हातभर जबड्याचं काहीतरी हवं होतं. काही मिळालं नाही. शेवटी म्हणाली, "नाही तर नाही. साहेबांना सरळ सांगेन." आणि ठरल्या दिवशी सकाळी त्यांना कड्यावरच्या वाटेने घेऊन यायला निघून गेली.

ती वळणापलीकडे गेली आणि बाबा गोठ्याआडून बाहेर आले. कपड्यांवर दगडाची पूड, चेहऱ्यावर तृप्ती.

"या घरातून बिनडोक्याचं जनावर बाहेर जाणार नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी फडकं बाजूला केलं.

डोकं बैलाच्या डोक्याएवढं होतं. एवढ्या मोठ्या मानेला एवढं तरी हवंच, हा बाबांचा हिशोब. दात भरपूर. डोळे टपोरे. आणि ओठांत हसू, कारण बाबांना तेवढं एकच तोंड येतं.

"बाबा, वहिनी तुम्हाला समुद्रात ढकलेल," मी म्हणाले.

"आधी मिठी मारेल. मग ढकलेल."

आमचा शेजारी मार्मड्यूक आणि आणखी चार गडी आले. त्यांनी ते डोकं मासळीच्या हातगाडीवरून खडकापर्यंत नेलं. सगळ्या गावाला वहिनीचं नाव त्या पाटीवर हवं होतं, मुख्य म्हणजे नावापुढे हॉबविक हवं होतं. मानेला डोकं चिकटवायला होडीच्या फटी बुजवायचं डांबर वापरलं. डांबराचं भांडं माझ्या हातात होतं आणि मला फार मजा येत होती, खोटं कशाला बोलू. डोकं जड, ते एका बाजूला कलंडायला लागलं. बाबांनी हाताशी आला तो दगड हनुवटीखाली टेकू म्हणून सारला आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. "आता कसं जनावर वाटतंय," म्हणाले.

वहिनी आणि साहेब कड्यावरून उतरले तेव्हा अख्खं गाव खडकावर जमलं होतं, रविवारचे कपडे घालून. वहिनीला आधी आमची गर्दी दिसली. मग डोकं दिसलं. मी तिच्याकडे बघून हात हलवला. तिने हात हलवला नाही.

साहेब उंच, सडपातळ, भला माणूस. त्यांनी शेपटीपासून सुरुवात केली. पंज्यापाशी "वा!" म्हणाले. बरगड्यांपाशी गुडघ्यांवर बसले.  मानेपाशी तर ते एकेक मणका मोजत पुढे सरकत होते आणि इकडे वहिनी माझ्या दंडात नखं रुतवत होती.

"कोणी केलं?" ती दात आवळून पुटपुटली.

"आवडलं का?" बाबा मागून पुटपुटले.

"मामंजी, माझं वाटोळं केलंत."

"अगं, पुरं हवं होतं ना त्यांना!"

साहेब डोक्यापाशी पोहोचले.  मग त्यांनी वास घेतला.

"इथे डांबराचा वास येतोय का?"

"होड्यांचा, साहेब," मार्मड्यूक म्हणाला. जवळात जवळची होडी पार धक्क्यावर होती.

साहेब आणखी वाकले. "विलक्षण आहे. हे हसतंय. आणि जबड्याची ठेवण बघा, थोडीशी..." आणि ते त्या प्राण्याचं नाव बोलून गेले.

त्या प्राण्याचं नाव आमच्या किनाऱ्यावर कोणी घेत नाही. मीही आत्ता घेणार नाही. चार पायांचा, चिखलात लोळतो, नाक चपटं. समजलं असेल. ते नाव कानावर पडलं की ताबडतोब लोखंडाला हात लावायचा, नाहीतर होडी बुडते. लहानपणापासूनची सवय, डोक्याच्या आधी हात चालतो. मार्मड्यूकने सुरा उपसला. कोणी पट्ट्याचं बक्कल धरलं, कोणी बुटाच्या नालेसाठी एका पायावर नाचायला लागलं. दोन म्हाताऱ्या वहिनीच्या हातोडीवर तुटून पडल्या. आणि बाबांनी खिशात हात घातला आणि छिन्नी बाहेर काढून छातीशी धरली. ताज्या दगडाची पूड लागलेली छिन्नी.

साहेबांनी छिन्नीकडे बघितलं. बाबांच्या बाहीवरच्या पुडीकडे बघितलं. मग त्या हसऱ्या डोक्याकडे. शहाण्या माणसाला आणखी काय लागतं? ते सावकाश उठले आणि वहिनीसमोर येऊन उभे राहिले.

"केझियाबाई, हे डोकं तुम्हाला इथेच सापडलं?"

 हो म्हटलं असतं तर जन्मभराचा नियम गेला असता. नाही म्हटलं असतं तर म्हातारा सगळ्यांसमोर खोटारडा ठरला असता. मला वहिनीची दया आली. आमच्या घरात हे क्वचितच घडतं.

वहिनीने पदर... छे, आमच्याकडे कुठला पदर, तिने शालीचं टोक घट्ट आवळलं आणि म्हणाली, "साहेब, डोकं आमच्या घरचं आहे. बाकीचं सगळं समुद्राचं."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत.

"मग मान कोणाच्या घरची?" त्यांनी विचारलं. "आणि पाठ? या गावात इतके चांगले कारागीर असतील, तर मी कशावर विश्वास ठेवू?"

ते पिशवी उचलायला वळले. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. मग एकदम लाल झाला. तिने म्हाताऱ्यांच्या हातातून हातोडी हिसकावली आणि डांबरावर असे घाव घातले, असे घाव घातले, की बाबांनी डोळे मिटून घेतले. डोकं सुटलं, घरंगळत गेलं आणि डबक्यात बुडालं. नुसते डोळे आणि हसू पाण्यावर राहिलं.

"या, बघा!" वहिनी ओरडली. "ही मान तुटलीय ती जागा बघा. हे कोणाच्या छिन्नीचं काम आहे? बोट लावून बघा!"

साहेब परत आले. त्यांनी बोट लावलं, भिंगातून बघितलं. "ही मान अस्सल आहे," ते हळूच म्हणाले. "माफ करा. पण डोक्याशिवाय..."

वहिनी ऐकतच नव्हती. ती मानेच्या टोकाखाली बघत होती. बाबांनी टेकू म्हणून सारलेला दगड तिथेच होता, वरून ओघळलेल्या डांबराने माखलेला. मुठीएवढा. घावांनी त्याचा एक कपचा उडाला होता, आणि त्या फटीत सुईसारखे दात एकाशेजारी एक बसलेले दिसत होते.

वहिनी खाली वाकली. तिने तो दगड उचलला आणि मानेच्या टोकाला लावून बघितला. चपखल बसला. एवढ्या लांब मानेला एवढंसं डोकं. हातभर जबडा शोधता शोधता तिने त्याला किती वेळा ओलांडलं असेल कोण जाणे.

"तो होय," बाबा म्हणाले. "परवा तू त्याच्यावर पाय ठेवून पाव खात होतीस."

साहेबांनी ते डोकं दोन्ही हातांत घेतलं.  "असं जनावर मी कधी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "पुरं आहे. अगदी पुरं आहे! नाव सांगा, मी आत्ता लिहून घेतो."

"केझिया व्हेरिल," वहिनी म्हणाली.

"थांबा," बाबा म्हणाले. "डोक्यावर धोंडा माझा होता."

सगळं गाव त्यांच्याकडे वळलं.

"मामंजी, तुम्ही तो टेकू म्हणून सारला होता!"

"कशाला सारला ते आपल्या किनाऱ्यावर कोणी विचारत नाही. खाली वस्तू, वर माझा धोंडा. चांगला कोरलेला धोंडा. वस्तू माझी. काय मार्मड्यूक?"

मार्मड्यूकने हनुवटी खाजवली. "म्हाताऱ्याचं म्हणणं कायद्याला धरून आहे. आणि केझिया, तू त्याचा धोंडा ढकललास, तेही सगळ्यांसमोर."

साहेबांना यातलं काही कळेना. भरतीचं पाणी त्यांच्या बुटांना लागायला लागलं होतं. "मग पाटीवर दोन नावं घालायची का?" त्यांनी विचारलं.

 वहिनीने इतकी वर्षं थंडीत बोटं फोडून घेतली, आणि पुन्हा पाटीवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमची वहिनी कोणासमोर रडत नाही. एमॉस बर्फात अडकल्याची बातमी आली होती तेव्हाही ती रडली नव्हती. मला माझ्याच बापाचा इतका राग आला की डांबराचं भांडं त्यांच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं.

बाबांनी ते अश्रू बघितले आणि छिन्नी खिशात ठेवली.

"सूनबाई, एक वाक्य म्हण, मी धोंडा सोडला. डोकं तुझं, नाव तुझं."

"कुठलं वाक्य?"

"म्हण, डोकं लागतंच."

वहिनीने त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर थॉर्पहेवनपर्यंत पळत गेला असता. पाणी घोट्यांपर्यंत आलं होतं. साहेब एका हातात डोकं आणि दुसऱ्या हातात स्वतःचे बूट घेऊन उभे होते.

"लागतं," ती म्हणाली.

"मोठ्याने. मार्मड्यूकला कमी ऐकू येतं."

"डोकं लागतंच, मामंजी!" वहिनी किंचाळली. "पण ज्याचं त्याचं!"

बाबांनी क्षणभर विचार केला. "चालेल," म्हणाले, आणि धोंडा सोडल्याची खूण म्हणून टोपी काढली. मग सगळ्यांनी मिळून साहेबांना उचलून कोरड्यात नेलं.

शरदात संग्रहालयाचं दर्शनी दालन उघडलं. आम्ही तिघं मासळीच्या टांग्यातून गेलो. जनावर भिंतभर पसरलं होतं, आणि मानेच्या टोकाला ते मूठभर डोकं. बघायला आलेले लोक मानेवरून नजर नेत नेत तिथे पोहोचायचे आणि म्हणायचे, "एवढंसंच?" प्रत्येक वेळी बाबा मला कोपराने ढोसायचे.

खाली पाटी होती. वहिनीला आणि मला अक्षर येत नाही, घरात वाचता येतं ते फक्त बाबांना. ते पाटीसमोर गेले, घसा खाकरला आणि स्वतःचंच नाव वाचलं, "शोधक, जेबेझ व्हेरिल. शिल्पकार आणि..." वहिनीने छत्री उगारली. "बरं बरं," ते म्हणाले, "केझिया व्हेरिल, हॉबविक. एवढंच आहे."

पण आता त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? वहिनीने शेजारून जाणाऱ्या एका बाईला थांबवलं. "बाई, माझा चष्मा घरी राहिला. जरा वाचता का?" वहिनीकडे उभ्या जन्मात चष्मा नव्हता. बाईने वाचलं, "केझिया व्हेरिल, हॉबविक." वहिनीने मान डोलावली. मग एक पाद्री आला, त्यालाही चष्म्याचं सांगितलं. त्याने वाचलं. मग एक दर्यावर्दी, मग एका मुलीची आई, मग ती मुलगी. प्रत्येकाकडून ऐकताना वहिनी असं तोंड करायची जणू हे नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं. मला भूक लागली होती. बाबा बाकावर घोरत होते. वहिनी जागची हलायला तयार नव्हती.

शेवटी दालन रिकामं झालं आणि रखवालदार किल्ल्या वाजवत आला. वहिनीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि लाजून खाली बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच तिला विचारायचा धीर होईना.

मग मीच पुढे झाले. "भाऊ," म्हटलं, "आमच्या वहिनीचा चष्मा घरी राहिलाय. तेवढं मोठ्याने वाचता का?"

रखवालदाराने कंदील वर धरला आणि वाचलं. वहिनीने डोळे मिटून ऐकलं.